तू बाकावरून उठलीस त्याविषयी

प्रिय लेकी,

येशू ख्रिस्ताच्या गोड नावात सलाम.

काल रात्री फोनवर तू रडत होतीस आणि मी "असू दे, झोप आता" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर ते मला टोचत राहिलं. 'असू दे' म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. म्हणून पहाटेच लिहायला बसले.

तू जे सांगितलंस ते आधी लिहून काढते, म्हणजे मी नीट ऐकलं की नाही ते तुला कळेल. प्रभुभोजनाचा रविवार होता. उपासना सुरू व्हायच्या आधी तुझी मैत्रीण तुमच्या बाकावर येऊन बसली. तुझ्याबरोबर बसलेल्या त्या दोघी मैत्रिणी उठल्या, पुढच्या रांगेत गेल्या आणि तिथून त्यांनी तुला खूण केली. जाताना एक जण काहीतरी पुटपुटली, तिच्या रंगावरून, तिच्या लोकांवरून. ते तिला ऐकू गेलं. मग तूही उठलीस. भाकर आली, प्याला आला, तू दोन्ही घेतलंस. ती त्या लांब बाकावर शेवटपर्यंत एकटी होती.

तू आधी म्हणालीस, "आई, मी काहीच बोलले नाही." मग बऱ्याच वेळाने म्हणालीस, "आई, मी उठले." हे दुसरं वाक्य तोंडातून काढायला तुला किती जड गेलं ते मला जाणवलं. त्यात तू स्वतःला कुठेच सांभाळून घेतलं नव्हतंस.

तू उठलीस तसा प्रभूचा शिष्य पेत्रही उठला होता. पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ आणि अकराव्या वचनापासून वाच. लहानपणी आपण तो भराभर पुढे ढकलायचो. अंत्युखिया शहरात पेत्र परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसून जेवत होता. मग यरुशलेमेहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही यहूदी माणसं आली आणि पेत्र हळूहळू मागे सरकला, वेगळा राहू लागला. का, ते पौलाने एका शब्दात सांगितलंय : भीती. त्या परराष्ट्रीयांचा पेत्राला तिटकारा होता असं पौल म्हणत नाही. आपली माणसं काय म्हणतील याची त्याला धास्ती वाटली.

आणि हा पेत्र कोणता? यापो गावी घराच्या धाब्यावर प्रार्थना करताना आकाशातून उतरणारी, शुद्ध-अशुद्ध प्राण्यांनी भरलेली चादर ज्याला तीनदा दिसली तो. कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरात उभं राहून, देव तोंड बघून माणूस निवडत नाही हे आता मला कळलंय, असं सांगणारा. त्यावरून यरुशलेमेत लोक त्याच्याशी भांडले तेव्हा न डगमगता उत्तर देणारा. एवढं सगळं झाल्यावरही तो पंक्तीतून उठला. त्याचं बघून बाकीचे उठले. शेवटी पौलाचा सोबती बर्णबाही त्यांच्याबरोबर वाहवत गेला असं पौल लिहितो, आणि तिथे पौलाचा आवाज कापतोय असं मला दर वेळी वाटतं. बर्णबा किती मायाळू माणूस!

एक सांभाळ. हा अध्याय पुढे करून यहूदी लोकांना नावं ठेवणारे तुला भेटतील. ते ऐकून घेऊ नकोस. पेत्र यहूदी, पौल यहूदी आणि आपला प्रभूही यहूदीच. चर्चने शतकानुशतकं यहूद्यांचा जो छळ केला तोही याच पापाचा भाग आहे. अंत्युखियात प्रश्न रंगाचा नव्हता, वंशाचा आणि नियमशास्त्राचा होता. पण ते मागे सरकणं तेच होतं.

पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं. शिष्टाचार चुकला, मनं दुखावली, असं तो म्हणाला नाही. तुमची चाल सुवार्तेच्या सत्याला धरून सरळ नाही, असं म्हणाला. जेवणाच्या जागेवरून केवढी मोठी गोष्ट काढली बघ. आपण वर्णद्वेषाला वाईट सवय म्हणतो, जुन्या लोकांचा स्वभाव म्हणतो, आणि मोकळे होतो. पौलाच्या लेखी तो सुवार्ता नाकारण्याचाच प्रकार होता. ख्रिस्ताने स्वतःच्या देहाने यहूदी आणि परराष्ट्रीयांमधली जी भिंत पाडली ती पेत्र पंक्तीतून उठून पुन्हा बांधत होता.

भिंत अशी उठता-बसताच बांधली जाते, लेकी. दक्षिण आफ्रिकेचं बघ. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या सभेने, १८२९ साली ठरवलं होतं की प्रभुभोजन सगळ्या सभासदांना एकत्रच द्यायचं, रंग किंवा कूळ बघायचं नाही. पुढे १८५७ साली त्याच चर्चच्या सिनडपुढे पुन्हा हा विषय आला. सगळ्यांनी एकत्र बसावं हेच शास्त्राला धरून आहे, हे त्यांनी तेव्हाही मान्य केलं. फक्त पुढे जोडलं की काही जणांच्या दुर्बलतेमुळे जिथे अडचण होते तिथे वेगळं बसवायला हरकत नाही. काही जणांची दुर्बलता म्हणजे काय, तर काही गोऱ्यांना काळ्यांच्या शेजारी बसवेना. तेवढ्यासाठी बाक वेगळे झाले. १८८१ साली गोरे नसलेल्यांसाठी वेगळं चर्चच उभं राहिलं. आणि १९४८ पासून सरकारने सबंध देश वर्णावरून वेगळा करायला घेतला तेव्हा त्याला आधार द्यायला धर्मशास्त्र आधीच तयार होतं.

त्याच चर्चमधले बायर्स नौदे. गोरे पाळक, आणि ज्या गुप्त संघटनेने वर्णभेदाला बळ दिलं तिचे सभासद. वडील त्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. १९६० साली शार्पव्हिलला पोलिसांच्या गोळ्यांनी ६९ माणसं मेली, आणि त्यानंतर नौदेंना गप्प बसवेना. १९६३ साली त्यांच्या चर्चने त्यांच्यापुढे पेच टाकला तेव्हा त्यांनी व्यासपीठ सोडलं. शेवटचा उपदेश केला तो माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे या वचनावर. पुढे सरकारने त्यांच्यावर १९७७ ते १९८४ अशी सात वर्षं बंदी घातली. तुला त्यांच्याविषयी सांगतेय कारण ते पहिल्यापासून शूर नव्हते. पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत तेही 'उठलेल्यां'मध्येच होते.

तू फोनवर एक प्रश्न विचारलास, त्याला मी बगल दिली. "गुलाम विकणारेसुद्धा ख्रिस्तीच होते, मग या विश्वासाने मी वर्णद्वेषाशी कशी लढू?" होय, ते ख्रिस्ती होते. हे नाकारायचं नाही, पुस्तक मिटून पळायचं नाही. नोहाचा मुलगा हाम याला शाप मिळाला म्हणून त्याच्या वंशातले काळे लोक गुलाम, असं त्यांनी शिकवलं. उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात शाप हामाचा मुलगा कनान याला आहे, हामाला नाही, आणि कातडीच्या रंगाचा तिथे उल्लेखच नाही. तरी ती शिकवण शेकडो वर्षं चालली. पण मला धीर देणारी एक गोष्ट त्यांनीच करून ठेवलीय. १८०७ साली लंडनमध्ये कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. त्यातून जुन्या कराराचा सुमारे ९० टक्के भाग गाळला होता आणि नव्याचा जवळजवळ निम्मा. इस्राएल लोक मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, दास्यातून सुटले ती कथा नाही. ख्रिस्तात कोणी दास नाही, कोणी स्वतंत्र नाही, हे गलतीकरांस पत्रातलं वचनही नाही. एवढं कापल्याशिवाय ते पुस्तक गुलामाच्या हाती द्यायची त्यांना भीती वाटली! न कापलेलं पुस्तक तुझ्या उशाशी आहे.

आता माझं.

मी किती वर्षं संडे स्कूल घेतलं ते तुला ठाऊक आहे. रंगीत कागदांची हृदयं करून मी सुवार्ता शिकवायचे. काळं हृदय वर धरायचं : हे पाप. मग लाल, मग पांढरं : हे धुतलेलं मन. एका रविवारी मी काळा कागद वर धरला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका सावळ्या मुलीने आपले हात फ्रॉकखाली घेतले. मी पाहिलं, आणि पुढे शिकवत राहिले. तिचं नाव अजून माझ्या प्रार्थनेत असतं, पण तिच्यापाशी जाऊन मी कधी काही बोलले नाही. त्यांचं कुटुंब नंतर कुठे गेलं तेही मला माहीत नाही. आणि तुला मी उन्हातून हाका मारून आत बोलवायचे, "काळी पडशील!" म्हणून. पडलीस तर काय बिघडणार होतं? काल तू त्या बाकावरून उठलीस ते तुला कोणी शिकवलं, असा प्रश्न मला रात्रभर पडला, आणि उत्तर शोधायला मला घराबाहेर जावं लागलं नाही.

नंतर मी स्वतः वचनात शोधलं. यशया पापाला लाल म्हणतो, लाखेसारखं, किरमिजी. गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेच्या कूशी बायकोवरून त्याची भावंडं मिर्याम आणि अहरोन कुरकुर करतात. कूश म्हणजे मिसरच्या दक्षिणेचा, काळ्या लोकांचा देश. देवाचा कोप होतो आणि मिर्यामेच्या अंगावर कोड उठतं, बर्फासारखं पांढरं. ज्या पांढऱ्याने आपण धुतलेलं मन दाखवतो तोच रंग तिथे शिक्षा होऊन आला. काळे कागद मी टाकून दिले. आता मुलांना एबद-मलेखाची गोष्ट सांगते. तो कूशी माणूस, राजवाड्यात परका. यिर्मया संदेष्ट्याला खड्ड्यातल्या चिखलात मरायला टाकलं तेव्हा राजासमोर जाऊन हे वाईट झालं असं सांगणारा तोच निघाला. वर ओढताना दोरांनी काखा सोलवटू नयेत म्हणून त्याने आधी जुनी फडकी खाली सोडली. मुलांना तो फडक्यांचा भाग फार आवडतो.

तू काय करावंस? मला जे वाटतं ते सांगते.

आधी तिच्याकडे जा. त्या दोघींना समजावणं, पाळकांना सांगणं हे सगळं नंतर. पौलाने पेत्राचं नाव लिहिलं, बर्णबाचं लिहिलं, पण पेत्र उठून गेल्यावर पंक्तीत मागे राहिले त्या परराष्ट्रीयांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांचा घास घशात अडकला असेल. आपण दोन हजार वर्षं पेत्राच्या चुकीवर उपदेश ऐकतोय, त्यांच्याकडे कोणी वळून बघत नाही. तसं तू करू नकोस. स्वतःच्या पश्चात्तापात इतकी गुंतू नकोस की ती पुन्हा बाकावर एकटीच राहील.

तिच्यापाशी रडू नकोस. तू रडलीस की तिला तुझी समजूत काढावी लागेल आणि तिचं दुखणं बाजूला पडेल. "माझ्या मनात तसं नव्हतं" हेही नको. तू काय केलंस तेवढं सांग : त्या उठल्या, मीही उठले, ते चूक होतं, मला क्षमा कर. ती गप्प राहिली तर गप्प राहू दे. रागावली तर ऐक. क्षमा ही तिच्या हातातली गोष्ट आहे. आपल्या लोकांना घाई फार. दुखावलेल्या माणसाच्या कानात 'सत्तर वेळा सात' क्षमा कर, असं लगेच वाजवायला लागतो. जकातदार जक्कयाने आधी लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं, मग प्रभू म्हणाला की आज या घराला तारण प्राप्त झालं.

मग त्या दोघींशी बोल, एकेकीशी, एकांतात. कठीण जाईल. त्या तुझ्या मैत्रिणी आहेत आणि कदाचित राहणार नाहीत. तरी बोल, पण एबद-मलेखाची फडकी विसरू नकोस. त्याही चिखलात आहेत. नाही ऐकलं तर पाळक आणि चर्चच्या वडीलमंडळींपुढे ठेव. तेही 'शांतता राखा' म्हणाले तर त्यांना विचार, कोणाची शांतता?

आणि ती म्हणाली की मी आता तुमच्या मंडळीत येणार नाही, तर तिला थांबवायला जाऊ नकोस. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या एका चर्चमध्ये ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे कृष्णवर्णीय विश्वासणारे गुडघे टेकून प्रार्थना करत होते. भर प्रार्थनेत जोन्सना दंडाला धरून उठवायला लागले. ते म्हणाले, प्रार्थना संपेपर्यंत थांबा. थांबले नाहीत. प्रार्थना संपल्यावर ते सगळे मिळून बाहेर पडले, आणि ॲलन यांच्या पुढाकाराने १८१६ साली स्वतंत्र आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभं राहिलं. त्या दिवशी बाहेर जाणाऱ्यांनी मंडळी फोडली नाही. ती आत राहिलेल्यांनी आधीच फोडली होती.

अंत्युखियाचीच आणखी एक ओळ मला आवडते. प्रेषितांची कृत्ये, तेरावा अध्याय, अगदी सुरुवात. तिथल्या संदेष्ट्यांची आणि शिक्षकांची नावं आहेत : बर्णबा, निगेर म्हटलेला शिमोन, कुरेनेकर लूक्य, हेरोद राजाबरोबर वाढलेला मनाएन आणि शौल, म्हणजे आपला पौल. निगेर म्हणजे काळा. उत्तर आफ्रिकेतला एक, राजघराण्यात वाढलेला एक, एके काळी मंडळीचा छळ करणारा एक. शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा याच गावात पडलं. इतकी वेगवेगळी माणसं एकत्र पाहून लोकांना त्यांच्यासाठी जुना शब्द पुरला नसावा, असं मला नेहमी वाटतं. आणि पेत्र उठला तोही याच मंडळीतून.

पुढच्या प्रभुभोजनाला तू लवकर जा. ती आली तर कुठे बसते ते बघ, आणि जवळ जाऊन विचार, "मी इथे बसू का?" नको म्हणाली तर तिच्या मागच्या बाकावर बस. पुढून कोणी खूण केली तरी बसून राहा.

पत्र पोहोचल्याचं कळव. फ्रॉकखाली हात घेतलेल्या त्या मुलीचं नाव आणि त्यांचं जुनं चर्च एवढं मला आठवतंय. मी आज तिथे फोन लावणार आहे.

तुझी
आई