मला तुमचा कावळा होऊ द्या

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोन ठेवताना बाबा पुन्हा तेच म्हणाले, "आमची काळजी करू नकोस, परमेश्वर समर्थ आहे." मी "बरं" म्हणालो खरा, पण रात्री झोप लागेना. हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. याच वाक्याच्या आधारावर तुम्ही आम्हा भावंडांना वाढवलंत. हल्ली मात्र ते ऐकलं की वाटतं, बाबांनी दाराला आतून कडी घातली. फोनवर हे बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, मग आई मध्ये पडते आणि विषय तिथंच राहतो. म्हणून आज लिहायला बसलोय.

गेल्या महिन्यात आलो होतो, ती सकाळ आठवते? बाबा न्हाणीघरातून येत होते आणि एक हात भिंतीवर होता. नुसता टेकवलेला नव्हता, पुढची जागा चाचपत होता. मी विचारलं, तर "काही नाही रे." आईकडे बघितलं, तर ती हातातल्या कपड्यांच्या घड्या पुन्हा उलगडून घालायला लागली. संध्याकाळी कळलं, आठ दिवसांपूर्वी बाबा रात्री पडले होते. वर तुमचं उत्तर तयार होतंच: "हाड मोडलं नाही, प्रभूनं सांभाळलं. मग तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला लावायचा?"

बाबा, प्रभूनं सांभाळलं याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. त्या रात्री गुडघे टेकून मी त्याचे आभार मानले. पण रागही आला होता. तुम्ही पडलात याचा नाही. त्या आठ दिवसांत आपण रोज बोललो, रोज फोनवर एकत्र प्रार्थना केली. ऑफिसमधल्या माझ्या कटकटींसाठी तुम्ही किती कळवळून मागितलंत! आणि त्याच प्रार्थनेत तुमच्या ठणकणाऱ्या कमरेचा एक शब्द नव्हता, याचा राग आला.

संडे स्कूलमध्ये तुम्हीच आम्हाला एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगायचात. दुष्काळ पडलेला, अहाब राजाचं भय, आणि परमेश्वर एलीयाला करीथ ओहोळापाशी लपायला सांगतो. तिथं सकाळ-संध्याकाळ कावळे त्याला भाकरी आणि मांस आणून देतात. कावळा आला की तुम्ही दोन्ही हात पसरून पंख करायचात, आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. मोठेपणी मी तो भाग पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मोशेच्या नियमशास्त्रात कावळा अशुद्ध पक्ष्यांच्या यादीत आहे, लेवीय ११ मध्ये. देवाला दूत पाठवता आला असता. पुढे १९व्या अध्यायात, एलीया थकून "आता माझा जीव घे" म्हणतो तेव्हा, त्यानं दूत पाठवलाही. पण करीथपाशी त्यानं कावळेच निवडले. आणि संदेष्ट्यानं त्यांच्या चोचीतलं मुकाट्यानं खाल्लं.

मग ओहोळ आटला. देवानंच पाठवलेल्या जागी ओहोळ आटला, हे आपण गोष्ट सांगताना भरभर ओलांडून जातो. एलीया सारफथला गेला, वेशीपाशी एक विधवा काटक्या गोळा करताना दिसली, आणि त्यानं तिच्याकडे चक्क मागितलं. आधी पाणी, मग भाकरीचा तुकडा. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडंसं तेल. ते खाऊन मायलेक मरणार, अशी तिची तयारी. तिला आज्ञा केली आहे हे परमेश्वरानं एलीयाला आधीच सांगितलं होतं, तरी तोंड उघडून मागणं त्याला चुकलं नाही. त्यानं मागितलं म्हणून त्याचा विश्वास कमी पडला असं कुणी म्हणत नाही. तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. मग स्वतःच्या बाबतीत तसं का धरता?

आपल्या बाहेरच्या खोलीत जे वचन टांगलंय, फिलिप्पैकरांस ४:१९, 'माझा देव तुमची सर्व गरज पुरवील', त्याच्या आधीचं वचन एकदा काढून वाचा. हे पत्र लिहिताना प्रेषित पौल बंदिवासात आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला मदत पाठवली आहे, आणि १८व्या वचनात पौल लिहितो की मला सगळं पोचलं, भरपूर झालं. म्हणजे आधी पोचपावती आणि तिला लागून आपलं ते लाडकं वचन. ती मदत घेऊन आलेला एपफ्रदीत तर आजारपणात मरता मरता वाचला होता, हे त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. आपण पोचपावती बाहेर ठेवली आणि पुढचं वचन तेवढं चौकटीत बसवलं. देव गरज पुरवतो तेव्हा बहुतेक वेळा कुणाचे तरी पाय रस्ता तुडवत आलेले असतात. तुमच्या बाबतीत ते पाय माझे असावेत, एवढंच माझं मागणं आहे.

आई, तुला हे सांगायची गरज नाही. तू हे माझ्या डोळ्यांसमोर करून दाखवलंयस. ताईचं बाळ गेलं त्या आठवड्यात घरात माणसांची रीघ होती. जो तो काहीतरी सांगून जायचा. 'देवाची इच्छा', 'त्याला फुलं आवडतात', 'पुढं बघा आता'. बिचारे चांगल्या मनानंच बोलत होते, पण प्रत्येक वाक्यागणिक ताई भिंतीकडे जास्त वळत होती. तू एक शब्द बोलली नाहीस. चौथ्या की पाचव्या रात्री तू पवित्र शास्त्र घेऊन तिच्या पलंगाच्या कडेला बसलीस आणि ८८वं स्तोत्र वाचलंस. मी दारात उभा होतो. मला वाटलं, शेवटी तरी दिलासा येईल, स्तोत्रांत येतोच. पण त्या स्तोत्रात तो येत नाही. ते अंधारातच संपतं, मूळ इब्री भाषेत तर त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. तू वाचलंस, पुस्तक मिटलंस आणि तिचे केस विंचरायला लागलीस. तोवर तिनं कुणालाच हात लावू दिला नव्हता त्या केसांना. गुंता बोटांनी सोडवत, एकेक बट हातात धरून, दुखू नये म्हणून मुळाशी अंगठा दाबून तू विंचरत होतीस. वेणी अर्धी झाली तेव्हा ताई पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

विश्वास म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी ती खोली सांगतो. तोवर मला वाटायचं, विश्वास असला की माणसानं ठाम बोलावं, डोळ्यांत पाणी येऊ देऊ नये. त्या रात्री कळलं की परमेश्वराच्या पुस्तकात तक्रारीलाही जागा आहे, आणि ती त्यानंच ठेवली आहे. ताई आज पुन्हा उपासनेला जाते, तिची गाणीही परत आली, पण ते कुणाच्या समजावण्यानं झालेलं नाही.

चिमण्यांचं वचनही मी तेव्हापासून वेगळं वाचतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात दमडीला दोन चिमण्या, आणि लूकच्या शुभवर्तमानात दोन दमड्यांना पाच. म्हणजे चार घेतल्या की पाचवी फुकट. जिची किंमतच कुणी धरलेली नाही अशी ती पाचवी, आणि देवाला तिचाही विसर पडत नाही, असं प्रभू म्हणतो. पण चिमणी पडणारच नाही, असं तो कुठंच म्हणत नाही. तुमच्या पित्याच्या नकळत ती जमिनीवर पडत नाही, एवढंच म्हणतो. ताईच्या बाळाचा विचार मनात आला की मी त्या वाक्याला धरून उभा राहतो. सगळं कळलंय असं नाही. ते पडणं त्याच्या नजरेसमोर झालं, इतकं मला पुरतं. काही दिवशी पुरत नाही, तेव्हा आपल्या मुलाला बरं करा म्हणून प्रभूकडे आलेल्या त्या बापासारखं म्हणतो, प्रभू, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालव.

बाबा, आता मूळ मुद्द्यावर येतो. त्याच भेटीत मी तुमची नखं कापायला बसलो होतो. तुम्हाला वाकवत नाही, आईला नीट दिसत नाही, म्हणून पायाची नखं वाढून आत वळली होती. मी कोमट पाण्याचं घमेलं आणलं, तुमची टाच हातात घेतली, आणि तुम्ही पाय झटकन मागं घेतलात. "राहू दे, तू नको." आवाजात राग नव्हता, लाज होती. मला एकदम योहानाचा १३वा अध्याय आठवला, प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो. पेत्रानंही पाय धुवू द्यायला नकार दिला होता, "तुम्ही माझे पाय कधीच धुणार नाही" म्हणून. त्यालाही प्रेमच कारण होतं, भीडच होती. पण प्रभू त्याला काय म्हणाला ते तुम्हाला पाठ आहे: मी तुला धुतलं नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. बाबा, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचे पाय धुतलेत. मंडळीत कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी मयत झाली की पहिले तुम्ही. आता घमेल्याच्या दुसऱ्या बाजूला बसायची पाळी आलीय, आणि मला वाटतं ती बाजू जास्त अवघड आहे. तिथं माणसाच्या हाती काहीच उरत नाही.

शेवटी तुम्ही पाय दिलात. आपण दोघंही काही बोललो नाही. डाव्या अंगठ्याच्या नखापाशी त्वचा लाल झाली होती, तिथं मी हात लावला तेव्हा तुम्ही डोळे मिटून घेतलेत. तुमच्या टाचेला इतक्या भेगा आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. पन्नाशीला टेकलेला मुलगा मी, आणि बापाचे पाय पहिल्यांदा नीट बघत होतो.

आई-बापाच्या सेवेबद्दल प्रभू फार कडक बोललेला आहे. मार्क ७ मध्ये तो शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, दटावतो, कारण आई-बापाला द्यायचं ते 'देवाला अर्पण केलंय' असं सांगून माणसं मोकळी व्हायची आणि ते त्याला चालवून घ्यायचे. देवाचं नाव पुढं करून आई-बापाची सेवा टाळणं त्याला खपलं नाही. तीमथ्याला लिहिताना पौलही तेच सांगतो, मुला-नातवंडांनी भक्ती आधी आपल्या घरात शिकावी आणि वडीलधाऱ्यांचे उपकार फेडावेत. आणि वधस्तंभावर, श्वास घेणं कठीण झालेलं असताना, प्रभूनं आपल्या आईला योहानाच्या हवाली केलं. पिता तिची काळजी घेईल, असं म्हणून तो थांबू शकला असता. त्यानं एक माणूस दाखवला, आणि त्या घटकेपासून त्या शिष्यानं तिला आपल्या घरी नेलं. तेव्हा "परमेश्वर बघेल" म्हणून तुम्ही मला बाजूला सारता, तेव्हा त्यानं माझ्यावर सोपवलेलं काम तुम्ही माझ्या हातून काढून घेता.

माझी बाजू मात्र स्वच्छ आहे असं नाही. त्या पडण्यानंतर मी दिवसातून चार-चार वेळा फोन करतो. पहाटे तीनला जाग येते, आणि प्रार्थनेला बसलो तरी मनात हिशेब चालू: आईला काही झालं तर, बाबा एकटे राहिले तर, मी वेळेवर पोचलो नाही तर. घरात कॅमेरा बसवू या म्हणालो तेव्हा आई म्हणाली, "तू आमची काळजी घेतोस की आमच्यावर पहारा ठेवतोस?" ते लागलं, कारण खरं होतं. काळजी करून कुणाला आपलं आयुष्य हातभर वाढवता येतं का, असं प्रभूनं विचारलं, आणि मी तर तुमचंही वाढवायला निघालोय. ते माझ्या हातात नाही. कावळ्यानं भाकरी पोचवायची असते, दुष्काळ संपवायचा नसतो. कॅमेऱ्याचा विषय मी सोडला. फोन रोज एकच, रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी. पण त्या प्रार्थनेत दुखलं-खुपलं सगळं यायला हवं, हे तुम्ही मला कबूल करा.

यशयाचा ४६वा अध्याय सध्या रोज वाचतो. बाबेलच्या मूर्ती जनावरांच्या पाठीवर लादल्या आहेत, जनावरं ओझ्यानं वाकली आहेत. आणि तिथंच परमेश्वर म्हणतो की, तुमच्या जन्मापासून मी तुम्हाला वाहिलंय, तुमचे केस पिकेपर्यंत मीच वाहीन. बाबा, वाहून घेणं म्हातारपणी सुरू होतं असं थोडंच आहे? जन्मापासून आपण सगळे त्याच्या खांद्यावर आहोत. तुमच्या धडधाकट वर्षांतही तोच वाहत होता.

न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायला माणूस शनिवारी सकाळी येईल. त्याला परत पाठवू नका. आई, तुझ्या डोळ्यांसाठी डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारी. मी शुक्रवारी रात्रीच पोचतो आणि मंगळवारपर्यंत राहतो. ताईला मी कळवलंय, रविवारी उपासनेनंतर तीही घरी येईल.

आणि बाबा, ते घमेलं पलंगाखालीच असू द्या.

तुमचा,
धाकटा