लिनक्सवर विंडो वर का राहत नाही?

संपादक महोदय,

विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांवर चढत नाही, असे चांगले चालणारे संगणक भंगारात काढण्यापेक्षा त्यांवर लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली घालणे केव्हाही शहाणपणाचे. मात्र लिनक्सवर नव्याने बसणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानी येते: एक विंडो कायम वर ठेवून खालच्या विंडोत काम करता येत नाही. पोर्तुगीज काळातल्या दस्ताची स्कॅन प्रत समोर ठेवून भाषांतर टंकणारे, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावरून नावे उतरवून घेणारे, वर्गात धडा दाखवताना कोपऱ्यात घड्याळ ठेवणारे शिक्षक, या सगळ्यांचे काम या एका सोयीवाचून अडते. सोय लिनक्समध्ये आहे, आणि फार पूर्वीपासून आहे. ती कुठे आहे हे संगणक बसवून देणारा सांगत नाही, इतकेच.

लिनक्सचे उबंटू, मिंट असे प्रकार आहेत, आणि विंडो सांभाळणारे डेस्कटॉपही ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई, केडीई असे वेगवेगळे. उबंटूच्या ग्नोम डेस्कटॉपवर विंडोच्या शीर्षपट्टीवर उजवी क्लिक करावी आणि मेनूत ‘ऑलवेज ऑन टॉप’ निवडावे. ब्राउझरसारखे प्रोग्रॅम आपली पट्टी आपणच काढतात, तिथे उजव्या क्लिकने कधी कधी भलताच मेनू उघडतो. अशा वेळी ऑल्ट आणि स्पेस एकत्र दाबावे. लिनक्स मिंटच्या सिनॅमनवर आणि एक्सएफसीईवरही हेच चालते. केडीईवर ऑल्ट आणि एफ३ दाबून ‘मोअर ॲक्शन्स’मध्ये ‘कीप अबव्ह अदर्स’ शोधावे. ग्नोमच्या मेनूत हा पर्याय फिका दिसला, तर विंडो पूर्ण मोठी केलेली आहे असे समजावे. पडदाभर पसरलेल्या विंडोला ग्नोम वर ठेवत नाही. आधी ती लहान करावी.

खरा घोळ पुढे आहे. व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘व्हिडिओ’ मेनूत स्वतःचा ‘ऑलवेज ऑन टॉप’ असतो, फायरफॉक्सची ‘पिक्चर-इन-पिक्चर’ ही व्हिडिओची छोटी विंडो तर आपोआप वर राहावी अशीच बनवलेली आहे. तरीही नव्या उबंटूवर खालच्या विंडोत क्लिक करताच फायरफॉक्सचा व्हिडिओ मागे जातो. दोष फायरफॉक्सचा नाही. पडद्यावर विंडो दाखवण्याच्या जुन्या एक्स११ पद्धतीत कोणताही प्रोग्रॅम ‘मला वर ठेवा’ अशी विनंती करू शकत असे आणि डेस्कटॉप ती सहसा मानत असे. तिच्या जागी आलेल्या वेलँडमध्ये साध्या प्रोग्रॅमला अशी विनंती करण्याची सर्वमान्य सोयच ठेवलेली नाही. त्यामुळे प्रोग्रॅम आपल्या मेनूत खूण करतो, पण ती डेस्कटॉपपर्यंत पोहोचत नाही. कोणत्याही प्रोग्रॅमने आपणहून सगळ्यांच्या वर बसावे आणि पासवर्ड मागणारी खोटी चौकट दाखवावी, हा धोका लक्षात घेतला तर हे बंधन मला योग्य वाटते. कोणती विंडो वर राहील हे ती वापरणाऱ्याने ठरवावे. म्हणून प्रोग्रॅमच्या मेनूवर विसंबू नये, वर सांगितलेला डेस्कटॉपचाच मेनू वापरावा. वेलँडवरही तो बिनचूक चालतो.

आपल्याकडे कोणती पद्धत आहे हे ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट’खाली ‘सिस्टम डिटेल्स’मध्ये ‘विंडोइंग सिस्टम’ या ओळीत दिसते. लॉगिनच्या वेळी ‘झॉर्ग’ (म्हणजे एक्स११) निवडा, हा इंटरनेटवरचा जुना सल्ला आता पुरत नाही, कारण उबंटू २५.१०पासून ग्नोमसाठी तो पर्यायच काढून टाकला आहे. ‘डब्ल्यूएमसीटीआरएल’ हे टर्मिनलवर आदेश टंकून चालवायचे साधनही एक्स११साठी लिहिलेले. वेलँडच्या विंडो त्याला दिसत नाहीत.

रोजचे काम असेल तर कळ नेमून घ्यावी. ग्नोमच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये ही कळ सापडत नाही, त्यासाठी ‘डीकॉन्फ एडिटर’ बसवावा लागतो. त्यात ओआरजी, ग्नोम, डेस्कटॉप, डब्ल्यूएम, कीबाइंडिंग्ज असे एकेक दार उघडत ‘ऑलवेज-ऑन-टॉप’वर यावे, मूळ मूल्य वापरण्याची खूण काढावी आणि नवे मूल्य इंग्रजी अक्षरांत लिहावे: बाहेर चौकोनी कंस, आत एकेरी अवतरणचिन्हे, त्यांच्या आत कोनी कंसातला ‘सुपर’ आणि त्याला चिकटून ‘टी’. चौकोनी कंस किंवा अवतरणचिन्ह राहून गेले तर मूल्य स्वीकारले जात नाही. मग सुपर, म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ, आणि टी दाबले की विंडो वर राहते, पुन्हा दाबले की सुटते.

ग्नोमवर प्रोग्रॅम बंद केला की ही निवडही जाते. ती कायम हवी असेल तर केडीई सरस. तिथे ‘मोअर ॲक्शन्स’मधून त्या विंडोसाठी नियम करता येतो. नियमात ‘फोर्स’ निवडले तर विंडो नंतर हाताने खाली आणता येत नाही, म्हणून ‘अप्लाय इनिशियली’ बरे. आणि नियम संपूर्ण फायरफॉक्ससाठी करू नये, नाहीतर त्याच्या सगळ्याच विंडो वर चढून बसतात. छोट्या व्हिडिओपुरता हवा असेल तर विंडोच्या शीर्षकाची अटही घालावी.

झेरॉक्सच्या आणि टंकलेखनाच्या दुकानांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. वर ठेवलेली विंडो पडद्याच्या मधोमध असेल, तर ‘प्रिंट’ किंवा ‘सेव्ह’ची चौकट तिच्यामागे उघडू शकते. ती चौकट उत्तराची वाट पाहत असते, मागचा प्रोग्रॅम क्लिक घेत नाही, आणि संगणक अडकला असे वाटून कोणीतरी बटण दाबून तो बंद करतो. टंकलेला मजकूर गेला! आधी वरची विंडो बाजूला सरकवून पाहावी. तिची पट्टी पडद्याबाहेर गेली असेल तर ग्नोमवर सुपर आणि एक्सएफसीईवर ऑल्ट दाबून धरावी, मग विंडोत कुठेही माउस धरून ती ओढता येते. विंडो एखाद्या कोपऱ्यात, निम्म्याहून कमी रुंदीची ठेवली तर हा प्रसंग सहसा येत नाही. दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे डेस्कटॉपच्या दुसऱ्या कार्यजागेवर, गेल्यावर ती नाहीशी झाल्यासारखी वाटली, तर ग्नोमवर शीर्षपट्टीच्या त्याच मेनूत ‘ऑलवेज ऑन व्हिजिबल वर्कस्पेस’ही निवडावे.

केडीईवर पूर्ण पडद्याचा स्लाइड शो मात्र वर ठेवलेल्या घड्याळालाही झाकतो. लिब्रेऑफिस इम्प्रेस वापरणाऱ्या शिक्षकांनी ‘स्लाइड शो सेटिंग्ज’मध्ये ‘इन अ विंडो’ निवडावे, म्हणजे स्लाइड आणि घड्याळ दोन्ही वर्गाला दिसतील.

— एक संगणक प्रशिक्षक, फोंडा