चि. केदारला, माहुलीहून आल्यावर

चि. केदार,
अनेक आशीर्वाद.

तुझा पाय मुरगळल्याचं मला सुनीलमामाकडून कळलं. त्याबद्दल काही बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. हाड शाबूत आहे एवढं त्याने सांगितलं. कुठे पडला, कसा पडला विचारलं तर फोनवर गप्प झाला, म्हणजे तूच बजावलेलं दिसतंय. असो.

पमाआत्या आणि मी माहुलीला जाऊन आलो, तिथल्या देवळांची माहिती तू तुझ्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आहेस ती ऐकायला. साताऱ्यात जन्म गेला माझा, पण माहुली म्हणजे आम्हाला दहावा-बाराव्याचं गाव. कुणी गेलं की जायचं, नाहीतर महाशिवरात्रीला. नुसतं बघायला म्हणून तिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं. फलकावरचा तो कोड मोबाईलने टिपायचं पमाला जमलं. मग इयरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या कानात, अशा आम्ही दोघी विश्वेश्वराच्या ओवरीत उभ्या. तुझा आवाज आला आणि पमा माझ्याकडे बघायला लागली. चौथीपर्यंत वर्गात उभं राहून वाच म्हटलं की तुझ्या घशातून शब्द निघत नसे. आण्णा रोज संध्याकाळी तुला पडवीत बसवून अग्रलेख वाचायला लावायचे आणि तू रडत रडत वाचायचास. आता देवळाच्या आवारात अनोळखी माणसं तुझं ऐकत होती. एक पोरगी आपल्या आजीला थांबवून म्हणाली, "थांब ना, तो सांगतोय." आण्णांनी हे ऐकायला हवं होतं.

काम चांगलं झालंय. 1735 सालचं हे देऊळ, ते बांधणारे श्रीपतराव पंतप्रतिनिधी, पलीकडच्या काठावरचं रामेश्वर, इकडचं संगम माहुली आणि तिकडचं क्षेत्र माहुली, दोन नावं कशी ते पहिल्यांदाच मला नीट समजलं. रामशास्त्री इथले, हे शाळेत मी वर्षानुवर्षं शिकवलं. पण नारायणरावाच्या खुनानंतर 1773 मध्ये रघुनाथरावाला समोरासमोर देहान्त प्रायश्चित्त सांगणारा माणूस या गल्ल्यांतून हिंडला असेल, हे तुझं ऐकताना अंगावर आलं. शाहू महाराजांच्या खंड्याची समाधीही पाहिली. वाघापासून धन्याला वाचवलं म्हणून कुत्र्याची समाधी, असं सांगतात. मुलं तिथून हलत नव्हती. तू तिथे भरपूर वेळ दिला आहेस ते बरोबरच आहे.

पण येसूबाईंपाशी तू घाई केलीस.

1689 ला रायगड पडला आणि येसूबाई लहानग्या शाहूला घेऊन कैदेत गेल्या. औरंगजेब गेल्यावर 1707 मध्ये मोगलांनी शाहूंना सोडलं आणि आईला मागे ठेवून घेतलं. मुलाने साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला, राज्य उभं केलं, आणि आई दिल्लीत. बाळाजी विश्वनाथ दिल्लीला गेले आणि 1719 मध्ये त्यांना घेऊन आले. मधली बारा वर्षं! हे सगळं तू एका दमात सांगितलंस आणि लगेच म्हणालास, आता उजवीकडे वळा. माझा पाय वळेना. पमा पुढे निघाली होती, तिला मी परत बोलावलं. त्या बाईंना मुलाची बातमी कोण सांगत असेल, किती जणांच्या तोंडून फिरून, किती दिवसांनी? ती खरी की खोटी हे कशावरून ठरवत असतील? वाक्यं वाढवू नकोस. नुसतं थोडं थांब. इतकं सांगून झाल्यावर श्रोत्याला तिथे उभं राहू दे.

आणि तुझ्या हातात फोन असून मला मामाकडून कळतं.

बघ, आलंच ते. नको म्हणत होते.

आता आलंच आहे तर लिहिते. घाटाचं निवेदन ऐकताना मागे पाण्याचा आवाज येतो. पमा म्हणाली, किती छान घेतलाय. मला मात्र तू कुठे उभा राहून घेतला असशील तेच दिसत होतं. शेवटच्या पायरीवर, पहाटेचा, एकटा, डोक्याला ते मोठे हेडफोन लावून. तिथल्या खालच्या पायऱ्या मी पाहिल्या. दगड झिजून गुळगुळीत झालेला आणि वर शेवाळ. पाय तिथेच गेला ना? खरं सांग. आणि मुरगळला तो कोरड्या बाजूला म्हणून, दुसऱ्या बाजूला कृष्णा होती. विजूचं तुला माहीत आहे. तो पट्टीचा पोहणारा होता.

कान झाकून नदीशी उभं राहायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. वर कृष्णेवर धोम आहे, वेण्णेवर कण्हेर. दोन्हीकडचं पाणी माहुलीतच एकत्र येतं. पाऊस साताऱ्यात नसला तरी धरणातून पाणी सोडलं की संगमाला पातळी चढते. भोंगा वाजतो, काठावरची माणसं हाका मारतात. तुझ्या कानात तेव्हा तुझाच आवाज. हे तुझ्यापुरतं नाही रे. तुझं ऐकत ऐकत जी माणसं उद्या तिथे उतरतील त्यांचेही कान भरलेलेच असणार. तू त्यांना सांगतोस, "पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत या, म्हणजे दोन्ही देवळं समोरासमोर दिसतील." दिसतात खरी, मी पाहिली. पण वरच्या टप्प्यावरूनही दिसतात. पमाला तिथे उभी करून मी खात्री करून घेतली. तेव्हा ते वाक्य बदल. आधी सांग की इयरफोन काढा, पाणी चढलेलं असेल तर वरच थांबा, खालच्या पायऱ्या निसरड्या आहेत. मग देवळांचं सांग. इतिहास पाच सेकंद उशिरा सुरू झाला तर काही बिघडत नाही.

शाळेतल्यासारखी बोलायला लागले का? रागावू नकोस. बत्तीस वर्षांच्या मुलाला पायऱ्या कशा उतराव्यात हे सांगू नये, कळतं मला. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, त्याला करू दे त्याचं. ते तुला झाडावर चढू द्यायचे आणि मी खाली पदर पसरून उभी. तुला आठवत नसेल, आडाचा कठडा पडला होता तेव्हा तू रोज वाकून आत हाक मारायचास, आवाज परत येतो म्हणून. मी दोरीने तुझी कंबर खांबाला बांधली होती. शेजारच्या काकू हसल्या होत्या. आवाजाचं वेड तेव्हापासूनचंच म्हणायचं.

आणि म्हणूनच लिंब गावच्या विहिरीवर तू असंच काम करणार हे ऐकल्यापासून माझा डोळा लागत नाही. मामाने तेही सांगून टाकलं, त्याला बोलू नकोस. बारा मोटेची विहीर मी चांगली ओळखते. सातवीच्या सहली घेऊन गेले आहे, पोरांना कठड्यापासून मागे खेचून माझे हात दुखायचे. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतली, आमराईला पाणी द्यायला. शिवलिंगासारखा आकार, व्यास पन्नास फूट, खोली एकशे दहा फूट. आत दगडी महाल, वर मोटा चालवायच्या जागा. सांगण्यासारखं तिथे खूप आहे आणि तुझा आवाज त्या कमानीखाली घुमेलही सुंदर. बांधणी इतकी पक्की की तीनशे वर्षांत ढळली नाही. मला त्या दगडाची काळजी नाही.

काम सोडू नकोस, मी तसं कधी म्हणणार नाही. उलट येसूबाईंचा भाग सुधारलास की मला कळव, मी पुन्हा जाऊन ऐकेन. पमालाही यायचं आहे. पण पाय पुरता बरा झाल्याशिवाय लिंबला जायचं नाही. आणि जाशील तेव्हा बरोबर एक माणूस हवा, ज्याचे कान उघडे आहेत. गावातला कुणी मिळाला तर उत्तम. तो कोण, त्याचं नाव आणि फोन नंबर जायच्या आदल्या दिवशी मला कळव.

तुझी,
आई

ता. क. पायाला बांधायची पट्टी रात्री सैल करून झोप. डॉक्टरांनी परत कधी बोलावलंय ते मामाला नाही, मला सांग.