माळेगावची यात्रा अन् तुझा मॅप

बाळा,

काल फोनवर म्हणलास, सहा महिने झाले पुण्यात तरी मॅप लावल्याशिवाय ऑफिसला जाता येत नाही, मेमरीच खराब झालीय. काही खराब नाही झाली. मान खाली घालून फोनमधल्या निळ्या टिपक्यामागं चाललास तर रस्ता दिसणार कसा?

तू पाच वर्षांचा होतास तवा माळेगावच्या यात्रेत हरवला होतास. वीसेक मिनिटंच, पण माझा जीव गळ्याशी आलता. तू घोड्यांच्या बाजारात एका म्हाताऱ्यापाशी बसून भजे खायलालास, तुला आता त्यातलं काहीच आठवत नाही. मला मात्र डोळे मिटले की सगळं दिसतं, बांगड्यावाली, तिला लागून घोंगड्यांचा ढीग, मग कढया, तिथून डाव्या हाताला घुंगरमाळा. अन् परभणीत ज्या रस्त्यानं वीस वर्षं कॉलेजला गेले तिथली दुकानं ओळीनं सांग म्हणलं तर सांगता येत नाहीत.

अकरावीला बायोलॉजी शिकवते म्हणून सांगते. मेंदूच्या खोडात लोकस सेरूलिअस म्हणून पेशींचा बारका पुंजका असतो, निळसर. आपण दचकलो, काही नवीन दिसलं की तो जागा होतो अन् नॉरॲड्रेनलीन नावाचं रसायन मेंदूभर सोडतो. हिप्पोकॅम्पसमधे, म्हणजे मेंदूतल्या आठवणींच्या भागात, जागा ओळखणाऱ्या पेशी असतात, शास्त्रज्ञ जॉन ओकीफनी १९७१ ला उंदरांत दाखवल्या, २०१४ ला नोबेल मिळालं. आपण दचकलो, नवीन काही दिसलं की या पेशींमधले जोड पक्के होतात. गंमत म्हणजे २०१६ ला एडिनबराच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना वाळूत पुरलेलं खाणं शोधायला लावलं, जागा साधारण दुसऱ्या दिवशी विसरायची, पण शिकल्यावर अर्ध्या तासानं नवीन फरशीच्या डब्यात सोडलं तर ध्यानात राहिली! अन् ते काम नॉरॲड्रेनलीनचं नव्हतं, त्याच निळ्या पुंजक्यातून सुटणाऱ्या डोपामीन या दुसऱ्या रसायनाचं होतं. मला तर वाचून लई नवल वाटलं.

म्हणून मुद्दाम टेन्शन घेऊ नको हं, रोजच्या टेन्शननं उलटंच होतं. रविवारी फोन खिशात ठेव अन् एखाद्या नव्या गल्लीत शिर, चुकलास तर चुकलास.

हे लिहिताना पप्पांना विचारलं, तुम्हाला काय आठवतं यात्रेतलं? म्हणले, तुझी चप्पल तुटलेली, तू अनवाणी पळायलीस.

मला ते अजिबात आठवत नाही.

आई