सोन्याचे घड्याळ उघडून दाखवा, मगच विका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेला आणि इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतले चोरकप्पे उघडू लागले. पाटल्या, गोठ, मोहनमाळ मोडायला घरातल्या बायका सहजासहजी तयार होत नाहीत, आणि ते बरेच आहे. पण आजोबा-पणजोबांचे खिशातले सोन्याचे घड्याळ मात्र पहिल्या फटक्यात बाहेर पडते. ते चालत नाही, कोणी वापरत नाही, त्याच्यावर कोणाचा जीव नाही. मग नातू मोबाइलवर झाकणाचा एक फोटो काढतो, ‘अँटिक, प्युअर गोल्ड’ असे लिहितो आणि ऑनलाइन विकायला टाकतो. मी राजवाड्यामागच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करतो. वडिलांपासूनचे दुकान आहे. या व्यवहारांत विकणारा आणि घेणारा दोघेही कसे नागवले जातात ते वरचेवर पाहतो, म्हणून हे पत्र. माझे सांगणे एकच आहे: घड्याळ उघडून पाहिल्याशिवाय विकू नका आणि उघडलेले पाहिल्याशिवाय घेऊ नका.

बाहेरच्या झाकणावरून काहीही कळत नाही. ज्याच्या डायलवरही झाकण असते त्याला आम्ही हंटर म्हणतो. मागचे झाकण उघडले की बहुतेक वेळा आत आणखी एक पातळ झाकण लागते आणि त्याच्या खाली मशीन. या झाकणांच्या आतल्या अंगाला घड्याळाची सगळी कुंडली ठोकलेली असते. इंग्रजी घड्याळ असेल तर सोन्याचा कस, तपासणी झाली त्या शहराची खूण आणि वर्षाचे अक्षर. लंडनला बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, चेस्टरला गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार. स्विस केसवर, म्हणजे मशीनभोवतीच्या कवचावर, १८ कॅरटला हेल्व्हेशियाचे, म्हणजे स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे, मस्तक आणि १४ कॅरटला खार असते. ही खार इतकी बारीक असते की भिंगाशिवाय नुसता ओरखडा वाटावा. आपल्याकडे सोने म्हणजे २२ कॅरट ही सवय. खिशातली घड्याळे सहसा १८, १४ किंवा ९ कॅरटची. इंग्लंडात ९ कॅरटला १८५४ पासून मान्यता आहे, आणि .३७५ चा शिक्का म्हणजे शंभरात साडेसदतीस भाग सोने. तेही खरे सोनेच, पण त्याला ‘प्युअर गोल्ड’ लिहून विकणे ही फसवणूक होते, मग ती अजाणतेपणी का होईना.

वजनाचा गोंधळ तर याहून मोठा. रामबागेतल्या एक ताई जाहिरात टाकण्याआधी माझ्याकडे आल्या, हे त्यांचे शहाणपण. जाहिरातीचा मजकूर तयार होता: ‘सॉलिड गोल्ड, १०५ ग्रॅम.’ काट्यावर आकडा बरोबर होता. मी मागचे झाकण उघडले; आतल्या अंगाला १८ कॅरटचा शिक्का होता. त्याच्या खालच्या पातळ झाकणावर मात्र बारीक अक्षरांत ‘मेटल’ कोरलेले. म्हणजे ते झाकण पितळी, वर फक्त मुलामा. बनवणाऱ्याने लपवले नव्हते, लिहूनच ठेवले होते. पुढे मशीन काढले: पितळेच्या पट्ट्या, पोलादी स्प्रिंग, मिन्याची डायल, काच. हे सगळे बाजूला ठेवल्यावर सोने निम्म्याहूनही कमी उरले. तीच जाहिरात तशीच गेली असती तर पैसे घेतल्यावर परगावचा गिऱ्हाईक भांडत आला असता, आणि त्याचे चुकले असते असे मी म्हणणार नाही. आम्ही बसून मजकूर नव्याने लिहिला: मशीनवरचे नाव, नंबर, केसचे कॅरट, नुसत्या केसचे वजन, आतले झाकण धातूचे, डायलवर सहाच्या आकड्याजवळ केसाएवढी चीर. खोट लिहिली म्हणून किंमत पडेल अशी त्यांना धास्ती होती. उलट पुण्याच्या एका संग्राहकाने मोडीच्या भावापेक्षा जास्त देऊन ते घड्याळ नेले, कारण त्याला विचारायला काही शिल्लकच राहिले नव्हते.

आता घेणाऱ्यांसाठी. केसच्या आत ‘१४ कॅरट, २० वर्षे गॅरंटी’ असे काही दिसले तर ते भरीव सोने नव्हे. पितळेसारख्या धातूवर दोन्ही अंगांनी सोन्याचा पत्रा बसवून केलेली ती केस असते, आणि सोने किती वर्षांत झिजणार नाही त्याची ती हमी असते. अमेरिकेत अशा केस लाखोंनी बनल्या. घड्याळे चांगली असतात, टिकतात, मलाही आवडतात. पण त्यांना सोन्याच्या वजनाचा भाव लावणे चूक आहे. सराफ्यातल्या मशीनने कॅरट तपासून चिठ्ठी आणली आहे, असे विकणारा म्हणेल. ते मशीन पृष्ठभाग वाचते. वरचा पत्रा जाड असेल तर ते १४ कॅरट दाखवील आणि चिठ्ठीही खोटी नसेल. त्यापेक्षा झिजेच्या जागा पाहा: बिजागरी, झाकणाची कड, साखळी अडकवायची कडी, चावीचे बटण. खाली पितळ असेल तर तिथे ते डोकावतेच. या जागांचे जवळून काढलेले फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार करू नये. फोटो दुसऱ्याच जाहिरातीतून उचललेले असतात, म्हणून त्या दिवसाचे वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ मागावा. ‘चालू आहे’ या शब्दावरही जाऊ नये. वाळलेल्या तेलाचे घड्याळ हातात हलवले की दोन-चार मिनिटे चालतेच; व्हिडिओ काढायला तेवढे पुरते.

एक वाद मात्र विनाकारण होतो. वॉल्थम, एल्जिन अशा अमेरिकन घड्याळांत मशीनचा आणि केसचा नंबर जुळत नाही म्हणून गिऱ्हाईक ओरडतात. तिकडे मशीन एका कारखान्याचे आणि केस दुसऱ्याची, अशी विक्रीच होत असे. दुकानदार दोन्ही जोडून देई. नंबर वेगळे असणे ही तिथली रीतच. पाहायचे ते हे की केसला मशीन बसवायच्या स्क्रूच्या जुन्या, रिकाम्या खुणा आहेत का. असतील तर मशीन मागाहून बदलले आहे.

आता ज्यामुळे लिहायला बसलो ते सांगतो. तुकोगंजातल्या एका घरातून एक घड्याळ ऑनलाइन गेले. मालकांनी फक्त झाकणाचा फोटो टाकला होता, झाकणावर मोनोग्राम. केसच्या कडेला एक छोटी सरकपट्टी होती, ती अडकलेली, आणि घरच्यांना वाटले की हे काहीतरी मोडलेले बटण आहे. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने, नाव लिहीत नाही, फोटो मागवले, सरकपट्टीचाही मागवला, आणि कळवले की मशीन निकामी आहे, सोन्याच्या भावाने घेतो. घरच्यांनी दिले. काही दिवसांनी तेच घड्याळ, तोच मोनोग्राम, पुन्हा विक्रीला. सोबत व्हिडिओ: पट्टी सरकवली की आतून तास आणि पाव तास वाजतात. ते रिपीटर होते. अंधारात दिवा न लावता वेळ कळावी म्हणून केलेले घड्याळ. मशीनभोवती वळवलेल्या पोलादी तारा आणि त्यांवर पडणाऱ्या दोन इवल्या हातोड्या. असे मशीन हाती आले की कारागीर आधी थोडा वेळ नुसता पाहत बसतो. पट्टी वाळलेल्या तेलाने अडकते, एवढेच. व्यापाऱ्याने मागितलेली किंमत घरच्यांना मिळालेल्या रकमेच्या कित्येक पट होती. ते व्हिडिओ घेऊन माझ्याकडे आले तेव्हा माझ्या हातात काहीच उरले नव्हते. मागचे झाकण एकदा उघडले असते तर हातोड्या दिसल्या असत्या. घड्याळाच्या कडेला अशी पट्टी असेल तर कोणालाही हो म्हणण्याआधी जाणत्या माणसाला दाखवा, माझ्याकडेच आणा असे नाही.

जी घड्याळे सराफाकडे मोडीत जातात त्यांबद्दल सराफांना मी दोष देत नाही. ते सोन्याचे व्यापारी, त्यांनी सोन्याचा दाम दिला. पण मोडीत निघालेल्या घड्याळांची उघडी मशीने मी वजनावर विकत घेतो आणि डब्यात भरून ठेवतो, कारण कोणीतरी ती वाचवली पाहिजेत. चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेल्या पंधरा-पंधरा माणकांची, हाताने घासून नक्षी काढलेली मशीने आहेत ती. त्यांना पुन्हा केस मिळणे अवघड.

सोन्यापेक्षा इतिहासाला पैसा मिळतो याचे उदाहरण ताजे आहे. टायटॅनिकवर १९१२ मध्ये मरण पावलेल्या जॉन जेकब ॲस्टर यांचे वॉल्थम घड्याळ एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडात लिलावात गेले, फी धरून ११ लाख पौंडांच्या वर. ते १४ कॅरटचे आहे. त्यावर जे. जे. ए. ही आद्याक्षरे आहेत आणि त्याचा माग कागदोपत्री लागतो. आपल्या घरातले घड्याळ काही ॲस्टरचे नाही, आणि वॉल्थम-एल्जिनची मशीने कोटींत बनली आहेत, तेव्हा आकाशाला हात लावायला जाऊ नये. तरी पणजोबांना निवृत्तीच्या वेळी मिळाले असेल, झाकणात नाव आणि साल असेल, त्या समारंभाचा फोटो किंवा खरेदीची पावती ट्रंकेत असेल, तर ती घड्याळाबरोबर ठेवा. आणि हात जोडून सांगतो, फोटोसाठी पॉलिश करून घेऊ नका. बफिंगच्या चाकावर आधी शिक्के पुसट होतात, मग नाव. हंटरचे झाकण व्हिडिओत टक् टक् आपटूही नका. बंद करताना चावीचे बटण दाबून धरावे, झाकण मिटावे आणि मग बोट सोडावे. सोने मऊ असते. कड झिजली की झाकण पुन्हा धरत नाही.

कायद्याचे थोडके. २०२१ मध्ये हॉलमार्क सक्तीचा झाला त्यातून घड्याळे वगळली होती, म्हणून जुन्या घड्याळावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, नाही या कारणावरून कोणी भाव पाडत असेल तर ऐकू नका. शंभर वर्षांपूर्वीची कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येऊ शकते आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशचे गिऱ्हाईक डॉलर देते म्हणून लगेच कुरिअर करू नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा, वस्तू पुरावशेष नसेल तर तसा दाखला तिथूनच मिळतो. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका म्हणणारा चोर आहे, आणि फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. ऑनलाइन बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीने ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचे असते. ही तक्रार लेखीच करावी.

शेवटी एक विनंती. महाराष्ट्र साहित्य सभेसारख्या आपल्या शहरातल्या जुन्या संस्थांनी एखाद्या रविवारी सभागृह द्यावे. लोकांनी घरातली घड्याळे आणावीत. मी भिंग आणि हत्यारे घेऊन येतो, गावातले आणखी जुने कारागीरही येतील. प्रत्येक घड्याळ मालकासमोर उघडू, शिक्के, नंबर, कोरलेले नाव यांचे फोटो काढून मालकालाच देऊ. मोबदला नको. विकायचे की ठेवायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. एखाद्या संस्थेची तयारी असेल तर आपल्या पत्रामार्फत कळवावे.

आपला नम्र,
एक घड्याळ कारागीर
राजवाडा परिसर, इंदूर