जीएम मक्याआधी कापसाच्या बोंडअळीचा विचार व्हावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जनुकीय बदल केलेल्या (जीएम) मक्याला लागवडीची परवानगी द्यावी की नाही, या वादात कोणी त्याला वरदान म्हणते, तर कोणी विष. खरिपात कापूस आणि रब्बीत मका घेणाऱ्या खानदेशातील शेतकऱ्याचा प्रश्न मात्र त्यात कुठेच येत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या मक्याचा फायदा नाकारता येणार नाही. २०१८ साली मका खाणारी अमेरिकन लष्करी अळी देशात आली, तेव्हापासून पोंगा (मक्याच्या मधल्या कोवळ्या पानांची सुरळी) उघडून पाहिला की पानांवर छिद्रे आणि आत भुशासारखी ओली विष्ठा दिसते. अळी खोल दडून बसते, त्यामुळे औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. डोक्याएवढ्या पिकात पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराच्या अंगावर मात्र ते पडते. जनुकीय बदलामुळे पानातच अळीला मारक प्रथिन तयार झाले, तर फवारण्या कमी होतील. कणीस कमी पोखरले गेले की दाण्यावरील बुरशीचे विषही घटते, असे बीटी मका (म्हणजे एका जिवाणूचे अळीमारक जनुक घातलेला मका) पिकवणाऱ्या देशांत दिसले आहे. अमेरिकेत हा मका १९९६ पासून शेतात आहे आणि परवानगी मिळालेल्या वाणांमुळे खाणाऱ्याला अपाय झाल्याचा ठोस पुरावा नाही, त्यामुळे माझी मुख्य चिंता आहाराची नाही.

चिंता अळीची आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले, तरीही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर कापसाची बोंडे पोखरली. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून पाकिटासोबत मिळणारी बिगर बीटी बियाण्याची पुडी तेव्हा शेताच्या कडेने लावायची असे, पण ती अनेकांनी लावलीच नाही, आणि फरदडीमुळे (वेचणी संपल्यावरही शेतात राखलेल्या कापसामुळे) अळीला हंगाम संपल्यावरही खाद्य मिळत राहिले. गुलाबी अळी तरी मुख्यतः कापसावरच जगते; अमेरिकन बोंडअळी मात्र कापसाची बोंडेही खाते, मक्याची कणसेही खाते आणि हरभऱ्याचे घाटेही. कापूस निघताच त्याच शिवारात मका उभा राहतो. दोन्ही पिकांत सारखीच प्रथिने असतील, तर या अळीवर जवळजवळ वर्षभर एकाच विषाचा मारा होईल आणि त्यातून तगणाऱ्या अळ्यांचीच पैदास वाढेल. अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथे बीटी मका आणि बीटी कापूस शेजारी पिकतात, तिथे कणीस पोखरणाऱ्या अळीने अशीच प्रतिकारशक्ती मिळवली आहे.

शिवाय मक्याचे परागकण वाऱ्याने उडतात. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल कुटुंबे आजही घरच्या कणसांतून देशी मक्याचे बी राखतात. त्यात परका जनुक मिसळला, तर तो पुन्हा वेगळा काढणे त्यांच्या हाती नाही.

म्हणून परवानगीचा विचार करताना चाचण्या कापूस-मका अशा फेरपालटाच्या शेतातच आणि दोन्ही हंगामांत व्हाव्यात, बिगर बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळूनच विकले जावे, कापसातील प्रथिने मक्यात देऊ नयेत आणि सातपुड्याच्या पायथ्याशी या मक्याची लागवड देशी मक्यापासून किती अंतरावर असावी, हे आधी ठरवून अधिसूचित करावे.

आपला,
एक मका व कापूस उत्पादक शेतकरी,
ता. चोपडा, जि. जळगाव