एकट्याला आत प्रवेश नाही

डेल्फ्ट, नेदरलँड्स

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू तिथे नक्की करतेस काय?" मी घाईत काहीतरी सांगून विषय बदलला, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे पत्र.

बाबा, पेन्सिलीतलं ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या थरांची चळत. ती सोलत सोलत शेवटी एका अणूच्या जाडीचा थर उरतो, तो ग्राफीन. २००४ साली मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलॉव्ह यांनी तो चिकटपट्टीनं वेगळा केला. मीही चिकटपट्टीच वापरते. सूक्ष्मदर्शकाखाली जांभळ्या सिलिकॉनवर तो दुधावर नुकती धरू लागलेल्या सायीसारखा पुसट दिसतो.

त्याला दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम जोडते. १.२ केल्विनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंशांच्या आसपास, ॲल्युमिनियम अतिसंवाहक होतं, विजेला अडथळाच राहत नाही. पण तिथे इलेक्ट्रॉन जोडीनं नांदतात. एकटा इलेक्ट्रॉन दाराशी आला तर त्याला आत जागा नाही. सत्यनारायणाला जोडीनं बसावं लागतं ना, तसंच. मग तो ग्राफीनमधलाच दुसरा इलेक्ट्रॉन सोबत घेतो आणि दोघं आत जातात. दुसऱ्याची जागा रिकामी पडते, आणि ती रिकामी जागाच मागे फिरून चालू लागते! रशियाच्या आंद्रेयेव्ह यांनी हे १९६४ मध्ये सांगितलं.

साध्या धातूत ती आल्या वाटेनंच परत जाते. ग्राफीनमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन अगदी मोजके ठेवले, तर ती कॅरमच्या सोंगटीसारखी कडेला आपटून पलीकडे जावी, असं लायडनच्या बेनाकर यांनी २००६ मध्ये गणितानं मांडलं. मला तेच मोजायचंय. ग्राफीनमधून अतिप्रवाह, म्हणजे अडथळ्याविना वाहणारी वीज, जातो हे २००७ मध्ये याच डेल्फ्टला दाखवलं गेलं, म्हणून तर मी इथे आले.

गेल्या आठवड्यात अर्थिंगची तार लावायची राहिली आणि नमुना जळाला. तीन आठवड्यांचं काम होतं. खूप रडले. रविवारी लायडनला जाऊन कामरलिंग ओनेस यांची जुनी प्रयोगशाळा बाहेरून पाहून आले. १९११ मध्ये पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसा झालेला त्यांनी तिथेच पाहिला. आता तिथे कायदा शिकवतात. बराच वेळ त्या भिंतीपाशी उभी होते.

काल रात्री नवा नमुना थंड करायला लावलाय. पंप शेजारी चिवचिवतोय, आकडा ४ केल्विनवर आलाय.

आई, मेतकूट पोचलं. आज रात्री मऊ भात लावते.

तुमची,
चिमू